अवलंबितांचा रकाना

आमच्या बँकेत दर वर्षी एक फॉर्म भरावा लागतो. आता बँकेत फॉर्म भरावा लागतो यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. नवल हे, की हा फॉर्म गिऱ्हाइकाने नव्हे, आम्ही नोकरवर्गाने भरायचा असतो. एरवी काचेच्या अलीकडे बसून "इथे सही, इथेही सही, आणि पाठीमागे कोण करणार?" असं खडसावणारे आम्ही, त्या दिवशी पेनाचं टोपण चावत एकमेकांना विचारत बसतो, "अहो, हे 'लागू नसेल ते खोडावे' म्हणजे नक्की काय खोडायचं?" एका सहकाऱ्याने तर एकदा गडबडीत स्वतःचंच नाव खोडलं होतं.

वैद्यकीय विम्याचा हा फॉर्म. त्यात एक रकाना आहे, 'अवलंबित व्यक्ती'. गेली अठरा वर्षं मी त्यात न चुकता नावं लिहीत आलोय. आई, पत्नी, कन्या. लिहिताना छाती इंचभर फुगते. आपल्या एकट्याच्या जिवावर तीन जीव जगताहेत! संध्याकाळी घरी पोचलो की ती छाती आपोआप पूर्वपदावर येते, कारण दारातूनच आमची आरोळी सुरू होते. "आई, माझा चष्मा पाहिलास? अगं, टॉवेल कुठाय? बेटा, मोबाइलवर हे काय आलंय, जरा बघ गं." म्हणजे अवलंबित कोण आणि अवलंब कोण, हा प्रश्न तसा रोजच पडायला हवा होता. पण मी पडलो बी.कॉम. डेबिट डावीकडे आणि क्रेडिट उजवीकडे एवढं कळलं की उरलेल्या तत्त्वज्ञानाची मला गरज वाटत नाही.

तो प्रश्न माझ्या डोक्यात घातला भाच्याने.

थोडी भौगोलिक माहिती देतो. मी राहतो बारामतीत आणि नोकरी करतो इंदापुरात. मधे पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. भवानीनगर येतं, जंक्शन येतं, निमगाव केतकी येतं. जंक्शन या नावाने बाहेरचा माणूस हमखास फसतो. तिथे रेल्वे नाही, इंजिन नाही, हमाल नाही. वालचंदनगरकडे जाणारा फाटा आहे, एवढीच काय ती त्याची जंक्शनगिरी. पण नाव एकदा पडलं की पडलं. बँकेत मलाही 'साहेब' म्हणतातच की.

धाकटी बहीण इंदापुरात दिलेली. तिचा मुलगा इंजिनिअर, हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत. शनिवार-रविवार तो आजीकडे, म्हणजे आमच्याकडे येतो. आजीवर त्याचं प्रेम आहेच, पण आजीच्या हाताच्या पुरणपोळीवर ते जरा अधिक उघडपणे व्यक्त होतं.

अशाच एका रविवारी हा पठ्ठ्या झोपाळ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता. एकाएकी कपाळावर हात मारून ओरडला, "डिपेंडन्सी रिझॉल्व्हच होत नाहीये!"

आई लसूण सोलत होती. ती शांतपणे म्हणाली, "होईल रे. मुलीकडचे काय म्हणतात?"

आमच्या घरात एखादी गोष्ट 'जमत नाही' म्हटली की ती लग्नाखेरीज दुसरी असूच शकत नाही, अशी आईची समजूत. भाच्याने लॅपटॉप मिटला आणि आम्हां अडाणी जनांचा उद्धार करायचं मनावर घेतलं.

"मामा, एखादं सॉफ्टवेअर आम्ही सगळंच्या सगळं स्वतः लिहीत नाही. तारखा मांडायला कुणाचा तरी तयार तुकडा घ्यायचा, नोंदी ठेवायला दुसऱ्याचा. ते सगळे तुकडे गोळा करून, जुळवून, शेवटी चालणारी वस्तू बांधून देतं ते बिल्ड टूल."

"म्हणजे मुकादम," मी म्हणालो.

"मुकादमच. 2000 साली अँट नावाचं टूल आलं."

"अँट म्हणजे मुंगी ना?" आमच्या भागात साखर कारखाने इतके, की मुंगीची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

"हो. त्यानंतर आलं मेव्हन."

"मेव्हणा?" आईने लसणीवरची नजर उचलली. "म्हणजे आमचे जावई? त्यांना कशाला यात गोवतोस?"

"आजी, मेव्हणा नाही, मेव्हन! यिडिश भाषेत त्याचा अर्थ जाणकार माणूस."

"मग जावई नव्हेतच," आई म्हणाली आणि पुन्हा लसणीकडे वळली.

"त्यानंतर 2008च्या सुमारास आलं ग्रेडल. आता मोबाइलची अँड्रॉइडवाली बरीचशी अॅप्स त्याच्यावरच बांधतात. त्याचं बोधचिन्ह हत्ती."

मुंगीपासून निघालेली मंडळी मेव्हण्याच्या मार्गे हत्तीपर्यंत पोचली, ही प्रगती मला पटली. आमच्या बँकेतही कर्जाचा आकार असाच वाढत जातो.

भाच्याने मग जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. या मुकादमाला द्यायची एक यादी असते, तिला म्हणतात स्क्रिप्ट. त्यात लिहायचं, मला अमुक तुकडा हवा, तमुक आवृत्तीचा हवा, आणि तो अमुक गोदामात शोधावा. मुकादम गोदामं लिहिलेल्या क्रमाने धुंडाळतो. पण खरी गंमत पुढेच आहे. आणलेल्या तुकड्याला स्वतःचे तुकडे लागतात. त्या तुकड्यांना आणखी. यादीत लिहिलेल्या असतात पाच वस्तू आणि घरी येतात दीडशे.

"वऱ्हाडासारखं," मी म्हणालो. मला माझं लग्न आठवलं. पत्रिका वाटल्या होत्या दोनशे, पंगती उठल्या सात.

आईने मात्र पुरणपोळीवरून ते माझ्या आधी उलगडलं. "त्यात एवढं काय आहे? पोळीला पुरण लागतं. पुरणाला डाळ आणि गूळ. कटाच्या आमटीलाही तीच डाळ. म्हणून काय कुणी डाळ दोनदा शिजवतं? एकदाच शिजवायची, वरचा कट आमटीला, खालची डाळ पुरणाला. डाळ दोनदा शिजवणारी सून मी अजून पाहिली नाही." शेवटचं वाक्य स्वयंपाकघराच्या दिशेने जरा मोठ्याने.

भाचा चाट पडला. म्हणाला, "आजी, हेच तर ते डिपेंडन्सी रिझोल्यूशन! दोन तुकड्यांना एकच तिसरा तुकडा लागला, तर तो एकदाच आणायचा. भांडण होतं ते एकाला त्याची जुनी आवृत्ती हवी आणि दुसऱ्याला नवी, तेव्हा. यादीत कुठला तुकडा आपल्याला किती जवळचा लागतो ते बघून मेव्हन जवळच्याचं ऐकतं. ग्रेडल आपण काही वेगळं सांगितलं नसेल तर सगळ्यांत नवी आवृत्ती उचलतं."

"म्हणजे मेव्हणाच बरा," आई म्हणाली. "आमचे जावईही जवळच्याचंच ऐकतात. तुझ्या आईचं."

"आणि एकदा आणलेली वस्तू तो जपून ठेवतो. पुढच्या वेळी फडताळात असेल तर दुकानात जात नाही. फक्त 'असेल ती ताजी द्या' असं मोघम लिहिलं, तर साधारण चोवीस तासांनी पुन्हा दुकानात डोकावून येतो."

"दुधासारखं," आई म्हणाली.

माझ्या आईचं शिक्षण जुनी सातवी. तिला जर तेव्हा कुणी हिंजवडीला पाठवलं असतं, तर आज मी बँकेत नसतो, तिच्या गाडीचा ड्रायव्हर असतो.

"मग अडलंय कुठे?" मी विचारलं.

अडलं होतं ते असं. त्याच्या आधी त्या जागी एक हुशार मनुष्य होता. त्याला यादी चालू असतानाच मुकादमाकडून काही तुकड्यांच्या फायली स्वतंत्रपणे मागवून घ्यायच्या होत्या. रीतसर मार्ग असा की मुकादमाच्या खिडकीशी जायचं, एका सुट्या चिठ्ठीवर (तिला ते डिटॅच्ड कॉन्फिगरेशन म्हणतात, मुख्य यादीपासून तोडलेली चिठ्ठी, असं समजा) हव्या त्या वस्तूंची नावं लिहायची आणि म्हणायचं, "एवढ्या आणून द्या." किंवा आपल्या अर्जात आधीच लिहून ठेवायचं की मला अमुक सेवा लागेल, म्हणजे मुकादम ती आपणहून हातात ठेवतो. पण हा हुशार मनुष्य खिडकीशी गेलाच नाही. तो मागच्या दाराने थेट मुकादमाच्या माजघरात शिरला आणि त्याच्या खासगी कपाटातून वस्तू काढू लागला. काम झटपट व्हायचं. सगळे खूश. पुढे ग्रेडलची नवी आवृत्ती आली. मुकादमाने माजघराची रचना बदलली. कपाट हललं, दार बुजलं, आणि हुशार मनुष्य तोवर नोकरी बदलून बंगळूरला गेलेला.

"आणि मामा, त्याने दुसराही घोळ घातलाय. यादी लिहून होण्याआधीच वस्तू मागवल्यात. आधी यादी पुरी करायची, मग प्रत्यक्ष कामाच्या वेळी मागवायचं, असा नियम आहे."

या नियमाचं महत्त्व मला सांगायला नको. बहिणीच्या लग्नात याद्या चालू असतानाच आमचे एक काका उठून बाजारात गेले आणि चाळीस किलो बटाटे घेऊन आले. नंतर यादी पुरी झाली तेव्हा कळलं की भाजी भोपळ्याची ठरली आहे.

भाच्याने बोलता बोलता आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र माझ्या मनात रुतून बसली. 2016 सालच्या मार्च महिन्यातली. एनपीएम नावाचं असंच एक जागतिक गोदाम आहे. तिथे एका प्रोग्रामरने 'लेफ्टपॅड' नावाचा तुकडा ठेवला होता. काम काय, तर अक्षरांच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा किंवा शून्यं भरून त्यांची लांबी सारखी करायची. आम्ही चेकवर आकड्याआधी मोकळी जागा राहू नये म्हणून रेघ मारतो, तितपतच मोठं काम. जेमतेम अकरा ओळी. त्याच्या दुसऱ्याच एका तुकड्याच्या नावावरून एका कंपनीशी वाद झाला, गोदामाने ते नाव कंपनीला दिलं, आणि या गृहस्थाने रागावून आपले अडीचशेहून अधिक तुकडे गोदामातून उचलून घेतले. त्यात लेफ्टपॅडही गेला. आणि काय सांगावं? जगभर मोठमोठ्या सॉफ्टवेअरची बांधणी धडाधड कोसळू लागली. त्यांच्यापैकी कितीजणांना तर आपण लेफ्टपॅड वापरतो हेच ठाऊक नव्हतं. आपण ज्याच्यावर अवलंबून, तो तिसऱ्यावर, तो चौथ्यावर, आणि तळाशी या अकरा ओळी. शेवटी दोन-अडीच तासांत गोदामवाल्यांनी तो तुकडा परत जागेवर ठेवला आणि पुढे वस्तू उचलून नेण्याचे नियम कडक केले.

"अकरा ओळी?" मी पुन्हा विचारलं.

"अकरा."

मी म्हटलं, असेल अमेरिकेत. आपल्याकडे असं होत नाही. आपल्याकडे अकरा ओळींचा अर्जसुद्धा चार पानी होतो.

आणि पुढच्याच आठवड्यात आमच्या शाखेतला लेफ्टपॅड नाहीसा झालेला मला कळला.

आमच्या शाखेत एक दफ्तरी होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मे महिन्याच्या 31 तारखेला ते निवृत्त झाले. अण्णांच्या पिढीतली निम्मी माणसं 31 मेलाच निवृत्त होतात. कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट 1 जून ही जन्मतारीख लावून टाकलेली. आम्ही त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. माणसाला वेळेची गरज संपली की आपण त्याला घड्याळ देतो. मॅनेजरसाहेबांनी भाषणात अण्णांना 'शाखेचा आधारस्तंभ' म्हटलं. निरोपाच्या भाषणात प्रत्येकजण आधारस्तंभच असतो. त्या हिशेबाने दर दोन वर्षांनी एक स्तंभ जाऊनही आमची शाखा अजून उभी कशी, हे एक कोडंच आहे.

जूनच्या शेवटी एक म्हातारी काउंटरवर आली. नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली पावती. नीरा डाव्या कालव्याच्या अगदी टेलला तिची दोन एकर जमीन. ज्याने टेलची शेती पाहिली नाही त्याला सांगतो, कालव्याचं पाणी बारामतीकडून इंदापूरकडे येतं, आणि टेलच्या माणसापर्यंत पोचेतो त्यात पाण्यापेक्षा आशाच जास्त उरलेली असते. तिच्या मालकाने पाइपलाइनसाठी कर्ज काढलं होतं, जमिनीचं खरेदीखत बँकेत ठेवून. मालक गेला. म्हातारीने उसाच्या बिलातून हप्ता हप्ता करत सगळं कर्ज फेडलं.

"बाबा, कागुद कवा मिळंल?"

मी संगणकात पाहिलं. कर्ज बेबाक. पूर्ण फेड होऊन सव्वीस दिवस झालेले. माझ्या पोटात गोळा आला. कारण रिझर्व्ह बँकेने 13 सप्टेंबर 2023 रोजी एक परिपत्रक काढलं आहे. कर्ज पुरतं फिटलं की मालमत्तेची मूळ कागदपत्रं तीस दिवसांच्या आत परत द्यायची. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. 1 डिसेंबर 2023 पासून हे लागू आहे. दिवसाला पाच हजार! टेलच्या म्हातारीला त्याची कल्पनाही नव्हती. तिचं म्हणणं वेगळंच होतं.

"पंध्रवड्यानं ह्यांचं वरीसराद्ध हाय. जाताना म्हनलं हुतं, कागुद तेवढा सोडवून आन. फोटुम्होरं ठिवायचाय, बाबा. मंग न्हाई तरी चालंल."

मी तिला बसवलं, चहा दिला आणि दप्तराच्या खोलीत गेलो. संगणक सांगत होता, 'पाकीट क्रमांक अमुक, कपाट ड'. कपाट ड होतं. त्यात अमुक क्रमांकाचं पाकीट नव्हतं. अमुकच्या अलीकडचं नव्हतं, पलीकडचंही नव्हतं. त्या जागी 1998 सालच्या डायऱ्या, एक सतरंजी आणि गणेशोत्सवाच्या वर्गणीची पावतीपुस्तकं होती. हेडकॅशियर आले, अधिकारी आले, शेवटी मॅनेजरसाहेब बाह्या सरसावून आले. दोन तास आम्ही पाचजण त्या खोलीत धूळ खात होतो. एकूण पदव्या सात. कागद शून्य.

"आजवर कसं सापडायचं हो?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आजवर आम्ही शोधलंच नव्हतं. आम्ही फक्त ओरडायचो, "अण्णा, अमक्याची फाइल!" आणि फाइल यायची. नुसती फाइल नव्हे, तिच्यासोबत लागणारा सातबारा, फेरफार, जामीनदाराचा कागद, सगळं. न मागता. आणि जामीनदार स्वतःच दुसऱ्या कर्जात अडकला असेल तर त्याचंही पाकीट. अठरा वर्षांत माझ्या तोंडून "कुठून आणलीत?" हा प्रश्न एकदाही गेला नाही.

संध्याकाळी मी अण्णांच्या घरी गेलो. ते अंगणात म्हशीला वैरण घालत होते. बँकेने दिलेलं घड्याळ गोठ्यात लावलेलं. धारेची वेळ कळावी म्हणून. मी सगळा पाढा वाचला.

अण्णा हसले. "आवं भाऊसाब, रंगकाम निगालं हुतं न्हवं का? तवाच मी समदी पाकिटं काडली आन् फाट्यापरमानं लावली."

"कसल्या फाट्याप्रमाणे?"

"कालव्याच्या! कंच्या फाट्याची मानसं कवा येत्यात ते ठरल्यालं आसतं. पानी सुटलं, ऊस गेला, बिल आलं, की त्या फाट्याची मानसं भरना कराय येनार. टेलची समद्यात मागनं. मंग टेलची पाकिटं समद्यात मागल्या कपाटात. सोपं हाय की."

सोपं होतं! फक्त ते अण्णांच्या डोक्यात होतं, आणि अण्णांचं डोकं आम्ही शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवलं होतं. मला एकदम भाच्याचा तो हुशार मनुष्य आठवला. आम्ही सगळ्यांनी मिळून तेच केलं होतं. शाखेत रीतसर नोंदवही होती, तिच्या खिडकीशी कुणी जात नव्हतं. सगळी शाखा मागच्या दाराने अण्णांच्या माजघरात ये-जा करत होती. फरक एवढाच, की तिथे आवृत्ती बदलली, इथे मनुष्य साठ वर्षांचा झाला.

"उद्या येता का अण्णा?" मी चाचरत विचारलं. निवृत्त माणसाला कामाला बोलवायचं तर आमच्याकडे त्याचाही फॉर्म आहे, आणि त्यावर मंजुरी येईपर्यंत वर्षश्राद्ध तीनदा झालं असतं.

"येतो की. म्हातारीचा मालक माझ्या वळखीचा हुता. लई चांगला मानूस. दर साली बँकेत समद्यास्नी ऊस आनून द्यायचा. तुमी पन खाल्लाय."

मी खाल्ला होता. तो ऊस कुणी आणला, हेही मी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. निवृत्तीच्या शालीऐवजी नेहमीचा पंचा खांद्यावर होता. मागल्या कपाटाचं दार जरा वर उचलून उघडलं (ते दार वर उचलल्याशिवाय उघडत नाही, हे ज्ञानही शाखेतून निवृत्त झालं होतं) आणि चौथ्या मिनिटाला खरेदीखत माझ्या हातात ठेवलं. सत्ताविसाव्या दिवशी कागद म्हातारीला मिळाला. पोचपावतीवर तिने अंगठा उठवला आणि तोच शाईचा अंगठा कपाळाला लावून नमस्कार केला. कुणाला, ते नीट कळलं नाही. ती काउंटरकडे बघत नव्हती, अण्णांकडेही बघत नव्हती. कागदाकडे बघत होती. मॅनेजरसाहेब दिवसाला पाच हजारांच्या विचारातून बाहेर येऊन म्हणाले, "अण्णा, चहा घेऊनच जा."

चहा घेताना मी अण्णांना सोडलं नाही. समोर कागद घेऊन बसलो आणि म्हटलं, "आता तुमचं सगळं डोकं मला सांगा. मी लिहून घेतो." अण्णा सांगत गेले, मी लिहीत गेलो. कुठल्या कपाटात कुठले फाटे, बागायतीची पाकिटं कुठे, वारसनोंद राहिलेली कुठे, कुठलं दार वर उचलायचं, कुठलं लाथ मारून. पुढच्या आठवड्यात मी त्या कागदावरून एकेक पाकीट काढून नोंदवहीत आणि संगणकात त्याची खरी जागा लिहिली. तीन शनिवार गेले. ओव्हरटाइम मागितला तर म्हणाले, त्याला फॉर्म आहे.

रविवारी भाचा आला. त्याचंही काम झालं होतं. मागचं दार बुजवून त्याने रीतसर खिडकीशी चिठ्ठी दिली होती, आणि नवी आवृत्ती सुरळीत चालली होती. मी त्याला अण्णांची गोष्ट सांगितली आणि तो कागद दाखवला. त्याने तो वाचला, ओळी मोजल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"मामा, अकरा आहेत."

मी मोजल्या. खरंच अकरा होत्या. अकरावी ओळ अण्णांनी आग्रहाने घालायला लावली होती: 'यातूनबी न्हाई घावलं तर मला फोन करा,' आणि पुढे नंबर.

"ही ओळ खोडू नका," भाचा म्हणाला. "आमच्याकडेही शेवटी असंच कुणीतरी असतं. 2021च्या डिसेंबरात लॉगफोरजे नावाच्या तुकड्यात भोक सापडलं, तेव्हा अर्ध्या जगाची झोप उडाली होती. मोठमोठ्या कंपन्या त्यावर उभ्या. आणि तो तुकडा सांभाळणारी मंडळी कोण, तर बहुतेक स्वयंसेवक. आपापल्या नोकऱ्या सांभाळून रात्री जागणारी. आधी त्यांचं नाव कुणी विचारलं नव्हतं."

"ऊस कुणी आणला, असंच ना?" मी म्हणालो. त्याला संदर्भ लागला नाही. आईला लागला. ती काही बोलली नाही, पोळी लाटत राहिली.

यंदा तो विम्याचा फॉर्म पुन्हा आला. 'अवलंबित व्यक्ती' या रकान्यापाशी मी थांबलो. या रकान्यात आपल्यावर कोण अवलंबून ते विचारलंय, आपण कुणाकुणावर अवलंबून ते विचारायला फॉर्ममध्ये जागाच नाही. विचारलं असतं तर पुरवणी जोडावी लागली असती. चष्मा शोधणारी आई, टॉवेल देणारी सौ., मोबाइल उघडून देणारी कन्या, वर उचलून दार उघडणारे अण्णा, ऊस आणून देणारा तो टेलचा शेतकरी. आणि त्यांच्यामागे ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत असे कितीतरी. दीडशे सहज होतील. यादीत मी लिहिणार पाच.

शेवटी नेहमीचीच नावं लिहिली. बँकेच्या फॉर्मात तत्त्वज्ञान लिहिलं तर तो परत येतो, हा माझा अठरा वर्षांचा अनुभव. फॉर्म घरी आणला होता, आईने सहज विचारलं, "काय रे लिहिलंस माझ्या नावापुढे?"

"तू माझ्यावर अवलंबून आहेस, असं."

आई लसूण सोलता सोलता थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं लिहिलंस. चष्मा कपाळावर आहे."